खिशातला चाकू : नाशिकमध्ये बाळगण्याबद्दल आणि विकण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवार कारंजाच्या बाजूला आमचं शेतीच्या अवजारांचं दुकान आहे. विळे, खुरपी, छाटणीच्या कात्र्या, कलम चाकू आणि घडीचे छोटे चाकू आम्ही विकतो. पूर्वी गिऱ्हाईक पात्यावरून बोट फिरवून धार बघायचं आणि भाव विचारायचं. आता भावाच्या आधी प्रश्न येतो : "हे खिशात ठेवलं तर पोलीस धरणार नाहीत ना?" आईवडील विचारतात, ट्रेकला जाणारी पोरं विचारतात, द्राक्षबागायतदार विचारतात. त्या सगळ्यांसाठी ही उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

खिशात चाकू ठेवणं हा गुन्हा आहे का?

नुसता चाकू जवळ असणं हा गुन्हा नाही. तो कोणता आहे, तुम्ही कुठे आहात, वेळ कोणती आणि तो कशासाठी घेतलाय, यावर सगळं ठरतं.

आपल्याकडे मूळ कायदा आहे शस्त्र अधिनियम, १९५९. त्यात 'शस्त्र' म्हणजे बंदुकांबरोबर धारदार हत्यारंही आली. पण केवळ घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. म्हणून विळी, भाजीची सुरी, खुरपं, कलम चाकू घ्यायला परवाना लागत नाही आणि विकायलाही लागत नाही. खिशातला घडीचा चाकू मधल्या जागेत पडतो. त्याने पेरू कापता येतो, सुतळी तोडता येते आणि माणसाला इजाही करता येते. या मधल्या जागेमुळेच एवढे प्रश्न येतात.

९ इंचांचा नियम नेमका काय आहे?

शस्त्र नियम, २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत शस्त्रांचे वर्ग दिले आहेत. पाचव्या वर्गात तलवारी, गुप्त्या, खंजीर, संगिनी, भाले येतात. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे सुरेही त्यातच येतात. ९ इंच म्हणजे २२.८६ सेंटिमीटर. मोजायचं ते पातं, मुठीसकट चाकू नव्हे. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती यातून बाहेर ठेवली आहेत. त्यामुळे ऊसतोडीचा कोयता लांब असला तरी तो अवजार आहे.

या वर्गातला माल विकायला परवाना हवा. आमच्याकडे तो नाही आणि आम्ही तसला माल ठेवत नाही.

म्हणजे ९ इंचांच्या आतलं सगळं चालतं?

नाही. हा गैरसमज फार पसरलाय आणि त्यापायी चांगल्या घरची पोरं अडकतात.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(१) खाली शहरात पोलीस आयुक्त आणि ग्रामीण भागात जिल्हा दंडाधिकारी मनाई आदेश काढू शकतात. असा आदेश ठरावीक मुदतीचा असतो. सणवार, मोर्चे, निवडणुका, जयंत्या आल्या की हे आदेश निघतात. पेपरात कोपऱ्यात छापून येतात आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. त्यात तलवारी, भाले, सुरे, लाठ्या तर असतातच. पण शेवटची ओळ असते ती शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशा कोणत्याही वस्तूबद्दल. त्या ओळीत तुमचा तीन इंचांचा चाकू बसतो. आदेश मोडला तर कलम १३५ लागतं. बातमीत "हत्यार कायदा ४/२५ व म.पो. अधिनियम १३५" असं वाचता, त्यातला पहिला भाग शस्त्र अधिनियमाच्या कलम ४ आणि २५ चा, दुसरा भाग हाच.

याच अधिनियमाचं कलम १२२ सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेचं आहे. गुन्ह्याच्या इराद्याने घातक हत्यार घेऊन कुणी सापडला, तर ते लागतं. इरादा कोण ठरवणार? आधी तपासणारा हवालदार आणि नंतर कोर्ट. रात्री एक वाजता द्वारका चौकात टोळक्यात उभं राहून "सफरचंद कापायला ठेवलाय" म्हणणाऱ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

बटणाचा चाकू मिळेल का?

आमच्याकडे मिळणार नाही. बटण किंवा खटका दाबला की पातं उडून बाहेर येतं, त्या रचनेचा शेतीत किंवा स्वयंपाकात काही उपयोग नाही. एक हात अडकलेला असताना चाकू उघडायचा असेल, तर पात्याला खाच किंवा खुंटी असलेला साधा चाकू पुरतो.

दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने बटणाचे आणि गरारीचे (दात्यांच्या खटक्यावर उघडणारे) चाकू थेट शस्त्रांत घातले. पातं ७.६२ सेंटिमीटर किंवा जास्त लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा जास्त रुंद असलं, की तिथे तो गुन्ह्याचा विषय होतो. तो नियम दिल्लीचा आहे, नाशिकचा नाही. पण दिल्लीला नातेवाइकांकडे जाताना लक्षात ठेवा. ब्रिटनने तर असे चाकू विकायला १९५९ मध्येच बंदी घातली, म्हणजे आपला शस्त्र अधिनियम आला त्याच वर्षी.

उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांचं घडीच्या चाकूचं काम अस्सल होतं, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण हिंदी सिनेमाने तो चाकू खलनायकाच्या हातात दिला आणि 'रामपुरी' म्हटलं की मारामारीच आठवू लागली.

चाकू दिसला की नाशिककर एवढे का दचकतात?

कारण त्यांनी पाहिलंय आणि वाचलंय. सिडको, पंचवटी, नाशिकरोडच्या गल्ल्यांत रात्री कोयते नाचवत गाड्यांच्या काचा फोडल्याच्या बातम्या येत राहिल्या. तलवारीने केक कापल्याचे व्हिडिओ आले. 'कोयता गँग' हा शब्द पुण्याहून आला आणि इथल्या शाळकरी पोरांच्याही तोंडी बसला. ऑक्टोबर २०२५ मध्ये पोलिसांनी धरपकड सुरू केली, तेव्हा पकडलेल्यांच्या तोंडून "नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला" वदवून घेतल्याचे व्हिडिओ घराघरांत पाहिले गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांमागे साठलेली भीती होती. संध्याकाळी क्लासवरून पोरगी घरी येईपर्यंत गॅलरीत उभ्या राहणाऱ्या आईला "चाकू हे एक अवजार आहे" असं ऐकवणं मला पटत नाही. तिची भीती खरी आहे, तिथूनच बोलायला सुरुवात करावी लागते.

पण हाच चाकू निफाडच्या पारावर कुणी काढला आणि पपई चिरली, तर कुणी मान वळवूनही बघत नाही. पिंपळगाव बसवंतला द्राक्षाच्या हंगामात प्रत्येक माणसाकडे काहीतरी धारदार असतं. लासलगावच्या बाजूला कांदा काढणीला बायका दिवसभर विळा चालवतात. तिथे धार म्हणजे रोजगार. तीच वस्तू कॉलेज रोडच्या कॅफेत टेबलावर ठेवली की शेजारची मंडळी उठून जातात. लोक चाकूला एकट्याला बघत नाहीत. जागा, वेळ आणि तो धरणारा माणूस हे सगळं एकदम बघतात.

त्यातली शेवटची गोष्ट मला खटकते. लाल मुठीचा स्विस चाकू गिर्यारोहकाच्या पाठपिशवीला लटकलेला असला की लोक कौतुक करतात. तेवढ्याच पात्याचा काळ्या मुठीचा स्वस्तातला चाकू सातपूरच्या कामगार पोराच्या खिशात निघाला, की तो गुंड ठरतो. त्याने त्या दिवशी कारखान्यात खोक्यांच्या पट्ट्या कापलेल्या असतात. लोकांनी सावध राहावं, पण कपडे आणि वस्ती पाहून माणूस ठरवू नये, एवढं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.

मी बागायतदार आहे. कलम चाकू, कात्री, कोयता घेऊन शहरातून जाताना काय करू?

नाशिकमध्ये हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

द्राक्षवेलींची एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी या दोन्ही वेळी कात्र्या आणि माणसं गावोगाव फिरतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये डॉगरिज जातीच्या खुंटावर (खालच्या, मुळांच्या वेलावर) द्राक्षाच्या काडीचं पाचर कलम करायचं असतं, तेव्हा कलम बांधणाऱ्या टोळ्या येतात. कलमाच्या चाकूला साधारण एकाच बाजूने धार असते, म्हणजे काप सपाट येतो आणि काडी खुंटावर नीट बसते. ही धार दाढीच्या पात्यासारखी ठेवावी लागते. ज्याने हे काम पाहिलेलं नाही, त्याला तो चाकू संशयास्पद वाटणारच.

म्हणून अवजार कधीही कमरेला किंवा खिशात ठेवू नका. चाकू मिटवून, कात्री बांधून, कोयता पोत्यात किंवा जाड कापडात गुंडाळून पिशवीत ठेवा. पिशवी डिक्कीत किंवा गाडीच्या मागच्या बाजूला. त्याच पिशवीत कलमाची पट्टी, मेण, हातमोजे राहू द्या. कामाचं सामान एकत्र दिसलं की काम दिसतं. गाडीच्या सीटखाली एकटा कोयता सापडणं वेगळं आणि अवजारांच्या पोत्यात चार विळ्यांबरोबर तो असणं वेगळं.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर तालुक्यांतून मजुरीला येणाऱ्या भावांना हे मालकाने सांगायला हवं. ते पहाटे नाक्यावर उभे असतात, विळा कमरेला खोवलेला असतो, कारण त्यांच्या पाड्यावर तो तसाच खोवतात. जंगलातून वाट काढायला तो लागतोच. शहरात मात्र त्यावरून अडवलं जाऊ शकतं. मालकाने अवजारं स्वतःच्या गाडीत नेली, तर मजुराच्या अंगावर काही राहत नाही आणि त्याची रोजी बुडत नाही.

कोयता घेताना तुम्ही नाव-गाव का विचारता?

पुण्यात २०२३ च्या सुरुवातीला कोयता विकताना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड घ्या, अशा सूचना पोलिसांनी दुकानदारांना दिल्या होत्या. त्यानंतर आमच्याकडेही काही शेतकरी आपणहून कार्ड काढून दाखवू लागले. साठीच्या पुढच्या माणसाने विळा घेताना ओळखपत्र पुढे करावं, हे बघून वाईट वाटतं. आम्ही आधारची झेरॉक्स ठेवत नाही. वहीत नाव, गाव आणि कशासाठी घेतलं एवढं लिहितो.

खरी पारख प्रश्नातून होते. "काय कापायचंय?" असं विचारलं की शेतकरी पाच मिनिटं बोलतो : ऊस की मका, डावखुरा की उजवा, मूठ लाकडाची की पाइपची. ज्याला दहशतीसाठी हवाय, तो "सगळ्यात मोठा दाखवा" एवढंच म्हणतो. चार पोरं गाडीवरून उतरतात, एकजण मोबाइल धरतो, दुसरा हवेत फिरवून बघतो. त्यांना आम्ही माल देत नाही. ओळखीच्या घरातलं पोरगं असेल तर घरी फोनही करतो.

मुलगा १५ वर्षांचा आहे, ट्रेकसाठी चाकू मागतो. द्यावा का?

द्यावा, पण मोठ्यांच्या हाताखाली. शस्त्र अधिनियमातली वयाची अट बंदुका-काडतुसांसाठी आहे, तरी आम्ही १८ च्या आतल्या मुलांना पालक सोबत असल्याशिवाय घडीचा चाकू विकत नाही. हा दुकानाचा नियम आहे.

अंजनेरी, हरिहर, साल्हेर करणाऱ्या पोरांना चाकू खरंच लागतो. दोरीची गाठ सुटत नाही, पिशवी फाडायची असते, बँडेज कापायचं असतं. त्याला दोन-अडीच इंचांचं पातं, सोबत कात्री आणि डबा उघडायचं पान असलेला चाकू पुरेसा आहे. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सनरने १८९७ मध्ये ज्या चाकूची नोंदणी केली, त्याच घराण्यातला हा प्रकार. त्यात पात्यापेक्षा बाकीची पानं जास्त असतात, आणि पोराच्या हातात तेच हवं.

देण्याआधी एक रविवार त्याच्याबरोबर बसा. फळ चिरू द्या, काठी सोलू द्या. कापताना पातं अंगापासून लांब जायला हवं. उघडं पातं घेऊन एक पाऊलही चालायचं नाही. दुसऱ्याला देताना मिटवून द्यायचा. ट्रेकहून आल्यावर चाकू आईकडे परत जातो. शाळेच्या दप्तरात तो कधीही जाणार नाही, पेन्सिलीला टोक करायलासुद्धा नाही. कारण दप्तरात चाकू सापडला की शाळा कारण विचारत बसत नाही, आणि एका भांडणात तो बाहेर आला तर दोन घरं उद्ध्वस्त होतात.

स्वसंरक्षणासाठी पर्समध्ये चाकू ठेवू का?

ताई, नका ठेवू. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, पण या कारणासाठी मी चाकू विकत नाही.

स्वतःचा बचाव करण्याचा अधिकार कायद्याने दिलाय. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं त्याचीच आहेत. पण बचावाला जितकं बळ लागेल तितकंच वापरायची मुभा आहे. सराव नसलेल्या हातातला चाकू हिसकावला जातो आणि तुमच्यावरच उलटतो. पर्समध्ये मिटवलेला चाकू शोधून उघडायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात पळता येतं, ओरडता येतं, ११२ लावता येतो. जोरात वाजणारी शिट्टी किल्ल्यांच्या जुडग्याला लावा. रोजचा रस्ता अंधारा असेल तर महापालिकेकडे दिव्यासाठी सगळ्या मिळून अर्ज करा, आम्ही सही करायला येऊ.

शीख बांधवांच्या कृपाणाचं काय?

राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणात कृपाण धारण करणं हा शीख धर्माचरणाचा भाग मानलाय. शिंगाडा तलावाजवळच्या गुरुद्वारात येणाऱ्या माणसाकडे कृपाण दिसली तर घाबरण्याचं काहीच कारण नाही.

ओझरहून विमानाने जाताना, कोर्टात, मंदिरात?

हातातल्या बॅगेत चाकू चालत नाही. सुरक्षा तपासणीत काढून घेतात. चेक-इनच्या सामानात गुंडाळून ठेवा. देशांतर्गत विमानात शीख प्रवाशांना कृपाणीची सवलत आहे : पातं ६ इंचांपर्यंत, एकूण लांबी ९ इंचांपर्यंत. कोर्ट, कलेक्टर कचेरी, गर्दीची देवस्थानं, मोर्चा, मिरवणूक या ठिकाणी जाताना चाकू घरी.

मिरवणुकीत तलवार नाचवणं परंपरा नाही का?

खंडेनवमीला आम्ही दुकानातल्या प्रत्येक अवजाराला हळद-कुंकू लावतो. हळद लागलेल्या नवरदेवाच्या हातात लिंबू टोचलेली कट्यार असते. बाळंतिणीच्या उशाखाली अडकित्ता किंवा सुरी ठेवतात. २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या मिरवणुकीत नागा साधू त्रिशूळ आणि तलवारी घेऊन त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्ताकडे जातील, बंदोबस्तात आणि ठरलेल्या क्रमाने. या सगळ्यात हत्याराचा मान आहे.

डीजेपुढे दारू पिऊन तलवार फिरवण्यात तो मान कुठे आहे? गर्दीत लेकरं असतात. परंपरेचं नाव अशा वेळी वापरू नये.

ऑनलाइन मागवलं तर?

वेबसाइटवर विकायला आहे म्हणजे कायद्याने चालतं, असं समजू नका. कुरिअरने आलेल्या तलवारींचे खोके पोलिसांनी पकडल्याच्या घटना महाराष्ट्रात घडल्या आहेत, आणि मागवणाऱ्याचा पत्ता खोक्यावरच असतो. 'शोभेची' असं लिहिल्याने पात्याची लांबी बदलत नाही. घेण्यापूर्वी पातं किती सेंटिमीटर आहे ते वाचा.

मी नवीन दुकान टाकतोय. काही सांगाल?

दर्शनी काचेत काय मांडता, त्यावर गिऱ्हाईक कोणतं येणार ते ठरतं. कवटीची मूठ, करवतीसारखं पातं, 'कमांडो' लिहिलेली म्यानं मांडलीत की रील बनवणारे येतील. आमच्या काचेत कलम चाकू, कात्र्या, सहाण आणि सोलाणी असते. घडीचे चाकू आत, मागितल्यावर दाखवतो. बिल प्रत्येक वेळी देतो आणि त्यावर वस्तूचं कामाचं नाव लिहितो : 'कलम चाकू', 'बागकाम कोयता'. ते बिल शेतकऱ्याच्या पाकिटात असलं की अडवल्यावर त्याला बोलायला आधार मिळतो. जवळच्या पोलीस ठाण्यात स्वतः जाऊन ओळख करून द्या आणि काय विकता ते सांगा.

पोलिसांनी अडवलं तर काय करायचं?

आधी तोंडाने सांगा, हात नंतर हलवा. "साहेब, पिशवीत कलम चाकू आहे, बागेतून येतोय" हे झडतीच्या आधी बोललेलं वाक्य फार कामाचं असतं. स्वतःहून काढून दाखवायला जाऊ नका. पिशवी त्यांच्यापुढे करा. वाद, धावपळ, ओळखी सांगणं टाळा. वस्तू जप्त केली तर पंचनामा होतो, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती-जप्तीचं चित्रीकरण व्हायला हवं. न वाचता सही करू नका. अटक झाली तर कारण सांगणं पोलिसांवर बंधनकारक आहे. वकिलाची ऐपत नसेल त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं.

चाकू भेट द्यावा का?

सुरी हातातून हातात दिली की भांडण होतं, म्हणून खाली ठेवून द्यायची, असं घरोघरी सांगतात. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही सवय उत्तमच आहे. वडिलांना, बागायतदार मित्राला चांगला कलम चाकू जरूर भेट द्या. तरुण पोराच्या वाढदिवसाला मित्रांनी मिळून द्यायची ही वस्तू नाही.

जुना, मोडका चाकू टाकायचाय. कुठे टाकू?

घंटागाडीत उघडा टाकू नका. पिशव्या हाताने उचलणाऱ्या कामगाराचा तळवा चिरतो. पातं जाड पुठ्ठ्यात घालून चिकटपट्टीने बांधा, वर मोठ्या अक्षरांत 'धारदार' लिहा आणि गाडीवरच्या माणसाला सांगून द्या. नाहीतर आमच्याकडे आणून द्या; पातं लोहाराला जातं, चांगलं पोलाद असेल तर त्याचं खुरपं होतं.